मुक्कामी गाडी

डोंगरातल्या गावाचं बरं चाललंय की नाही, हे ओळखायची एक जुनी खूण आहे. गावाला मुक्कामी गाडी आहे का? म्हणजे संध्याकाळी येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघणारी एसटी. ती असेल तर गावाला दवाखाना आहे, कॉलेज आहे, तहसील कचेरीही आहे. ती सगळी वीस, तीस, चाळीस किलोमीटरवर आहेत, इतकंच. गाडी नसेल तर मात्र ती असून नसल्यासारखीच.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कडेला असलेल्या एका वाडीत अशी गाडी येते. (अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे. या एका मात्रेपायी किती पत्रं आणि किती पाहुणे चुकीकडे गेले असतील, कोण जाणे.) जिल्हा परवापर्यंत अहमदनगर होता, २०२४ पासून अहिल्यानगर झाला. वाडीच्या लेखी त्याने फरक पडला नाही. जिल्ह्याचं गाव आधीही दिवसभराच्या वाटेवर होतं, आताही आहे. वाडीचं नाव सांगण्यात फारसं हशील नाही. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई, आंबित, यांच्या आसपासची ती कुठलीही असू शकेल. साठ-सत्तर उंबरे, बहुतेक महादेव कोळी, थोडी ठाकरांची घरं. उत्तरेकडे मान वळवली की कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. पश्चिमेला काहीच नाही. जमीन तिथे संपते आणि खाली कोकण सुरू होतं.

गाडी येते तेव्हा अंधार पडलेला असतो. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर अंथरूण टाकतात. कोणाच्या तरी घरून भाकरी आणि कालवण येतं. त्या बदल्यात कंडक्टरकडून राजूर या बाजारगावच्या बातम्या मिळतात: कांद्याचा भाव, कोणाचा अपघात, कोणत्या कचेरीतला साहेब रजेवर आहे. पहाटे सहाला इंजिन सुरू झालं की अर्ध्या वाडीला जाग येते. उरलेली अर्धी त्याआधीच उठून पाण्याला गेलेली असते.

ही गाडी वर्षातून दोनदा गच्च भरते. दिवाळी आटोपून भात झोडून झालं की खाली जाताना, आणि मृग नक्षत्र जवळ आलं की वर येताना. खाली जाणाऱ्यांच्या सामानात तवा, पातेलं, विळे, वळकटी आणि घरच्या तांदळाचं गाठोडं असतं. कधी पाय बांधलेली कोंबडीही असते, कारण मागे तिला बघायला कोणी उरत नाही. पुष्कळांचा रस्ता जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातो. तिथे सकाळी माणसांचा बाजार भरतो. शब्द टोचतो, पण तिथे सगळे तोच वापरतात. अकोले, इगतपुरी, पेठ, सुरगाणा अशा डोंगरी तालुक्यांतून आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात. बागायतदार येतो, भाव ठरतो, जोडी पिकअपमध्ये बसते. टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागवड, द्राक्षाची विरळणी. चार-पाच महिने असेच जातात. खातात मात्र गावाकडून आणलेला तांदूळ, म्हणजे बागायतीच्या मजुरीला वाडीचं भातच पोसतं. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडायचा नाही.

माणसं का जातात, याचं उत्तर वाडीत कोणालाही विचारा, एका शब्दात मिळतं. पाणी.

ऐकणाऱ्याला हे आधी खोटंच वाटतं. घाटघरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणायची रीत आहे. त्याच जिल्ह्यात पूर्वेला, संगमनेरच्या पुढे, वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटर गाठतानाही दमतो. म्हणजे तिकडे वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा इकडे जुलैच्या एखाद्या चांगल्या आठवड्यात पडून जातो. पण पडतो आणि जातो. खाली काळा बेसाल्ट, वर वीतभर माती आणि उतार असा की पोराच्या हातून सुटलेला चेंडूही परत मिळत नाही. सप्टेंबरात धबधबे, डिसेंबरात ओहोळ, मार्चमध्ये विहिरीचा तळ.

वाहून गेलेलं पाणी कुठे जातं, ते मात्र वाडीतून उघड्या डोळ्यांनी दिसतं. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि लगेचच भंडारदऱ्याच्या धरणात शिरते. इंग्रजांनी १९१० च्या सुमारास हे बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. गव्हर्नर विल्सनचं नाव धरणाला मिळालं, आर्थर हिलचं तलावाला. धरणात मावतं सुमारे ११ टीएमसी पाणी. ते पाणी कालव्यांनी खाली गेलं, राहाता-श्रीरामपूरकडच्या जमिनी भिजल्या, ऊस उभा राहिला. त्या उसावर १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास सहसा या कारखान्यापासून सांगायला घेतात. खरं तर तो शंभरेक किलोमीटर वरून, रतनवाडीच्या पावसापासून सुरू करायला हवा.

पुढे त्याच प्रवरेवर निळवंडे धरण झालं. १९७० मध्ये ठरलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा समारंभ व्हायला २०२३ उजाडलं. आता एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जुंपते: वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी किती सोडायचं? पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्याचा हवाला निघतो, आंदोलनं होतात, प्रकरण कोर्टात जातं. गंमत अशी की या भांडणात ‘वरचे’ म्हणजे धरणाजवळचे आणि कालव्याकाठचे लोक. त्याहूनही वर, जिथे हे पाणी ढगातून उतरतं, तिथली वाडी कोणत्याच बाजूला नसते. तिने अजून आपला हिस्सा मागितलेला नाही. मागावा असं तिला कोणी सांगितलंही नाही.

एप्रिलमधली एक पहाट. विहीर आटली आहे, म्हणून बायका ओढ्यातल्या झिऱ्यावर आल्यात. झिरा म्हणजे खडकाच्या बेचक्यात उकरलेला हातभर खोल खड्डा. त्यात पाणी येत नाही, ते पाझरतं. एक म्हातारी उकिडवी बसून स्टीलच्या वाटीने ते उचलते. वाटी आडवी धरायची, तळाचा गाळ ढवळू द्यायचा नाही, कळशीच्या तोंडावर फडकं बांधलेलं, त्यावर हळूच ओतायचं. आठ-दहा वाट्या झाल्या की थांबायचं. पाणी पुन्हा जमेपर्यंत पुढचीने मागचीशी बोलायचं. नंबर रात्री दोनपासून लागलेले असतात. एका कळशीला अर्धा-पाऊण तास. उजाडतं तशी खाली भंडारदऱ्याच्या पाण्यावर पहिली तिरीप पडते आणि अख्खा तलाव काशाच्या परातीसारखा चमकतो.

“पाणी हाये की बाबा,” म्हातारी वाटी बाजूला ठेवून म्हणते. “लई हाये. खाली हाये.”

याच डोंगरात माणसाने पाणी वर चढवण्याची विद्याही करून दाखवली आहे. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतो. वर घाटघरचा जलाशय, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याचा, मध्ये सुमारे चारशे मीटरचा कडा आणि कड्याच्या पोटात यंत्रं. विजेला मागणी असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज काढायची. मागणी ओसरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचं. अभियांत्रिकी म्हणून ही गोष्ट थक्क करणारी आहे, शंकाच नाही. फक्त झिऱ्यावर बसलेल्या बाईच्या शेजारी उभं राहून ती कोणाला समजावून सांगू नये.

शेती म्हणाल तर वाडीचं वर्ष पावसात नव्हे, फाल्गुनात सुरू होतं, राबापासून. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचा थर जमिनीच्या एका तुकड्यावर रचतात, वर माती टाकतात आणि पेटवतात. धुमसत जळणाऱ्या त्या राबाखाली तणाचं बी भाजून मरतं, राख जमिनीला मिळते, माती अशी भुसभुशीत होते की पुढे रोप उपटताना मूळ तुटत नाही. शेतीखात्याचे लोक म्हणतात, राबापायी झाडं ओकीबोकी होतात, धूर होतो. खोटं नाही ते. हिरड्या-सादड्यांचे नुसते खुंट उभे राहिलेले पाहिले की वाईट वाटतंच. पण ज्याच्याकडे तणनाशकाला आणि खताला पैसे नव्हते, त्याने शेकडो वर्षांपूर्वी एका काडीत दोन्ही कामं उरकली, हेही कबूल करायला हवं.

जुलैत आवणी. अडीच-तीन आठवड्यांचं रोप उपटून त्याच्या मुठी बांधायच्या, चिखलणी केलेल्या खाचरात फेकायच्या आणि ओणव्याने लावत मागे सरकायचं. पूर्वी पाठीवर इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांनी शाकारलेलं. आता प्लास्टिकचा कागद असतो. नांगराला डांगी बैल. या जनावराच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाऊस त्यावरून ओघळून जातो. खूर टणक, चिखलात दिवसभर उभं राहिलं तरी सडत नाहीत. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं आणि तिथे बैलांची पारख चाललेली पाहणं हा एक स्वतंत्र शिक्षणक्रम आहे. दात, वशिंड, शेपटीचा गोंडा, चाल. विकत घेणाऱ्याआधी बाजूच्या चौघांनाच घाई.

आवणी एकट्याने होत नाही. ती सावडीने होते: आज तुझ्या खाचरात दहा जण, उद्या माझ्या. पैसा फिरत नाही, हात फिरतात. पण सावडीला माणसं लागतात, आणि तीच आता कमी पडू लागली आहेत. नाशिकला कारखान्यात लागलेला मुलगा आवणीसाठी आठ दिवसांची रजा मागेल, तर नोकरी राहील का? म्हणून काही जण दुसरं करून पाहतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर बी थेट टोकतात. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. वाडीतल्या एका शेतकऱ्याने दोन खाचरांत ते केलं. पहिल्या पावसात सगळे बांधावर बघायला उभे. म्हातारे म्हणाले, चिखलाशिवाय भात म्हणजे हळदीशिवाय लगीन. पुढच्या वर्षी त्यातलेच दोघे वाफ्याचं माप विचारायला आले.

पीक काय? भात, नागली, वरई, उतारावर खुरासणी. भातात काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी ही जुनी वाणं मागे पडली होती. त्यातली काही परत आली. त्यात याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचा मोठा वाटा आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंतची गावठी बियाणी मडक्यांत, राखेत, शेणामातीच्या लिंपणात जपली. बाएफ संस्थेच्या मदतीने त्या बियाण्यांची बँक झाली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. फोटो सगळीकडे छापून आले. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की गावठी वाण पाऊस लांबला तरी तग धरतं, त्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही आणि त्याचा पेंढा जनावर आवडीने खातं. उतारा कमी, हे खरंच. पण ज्याचं सगळं शेत दोन एकराचं आणि तेही चौदा तुकड्यांत, त्याला जास्त उताऱ्याइतकंच न बुडणंही लागतं.

नागलीचं तर हसावं की रडावं कळत नाही. तिच्या काळ्या भाकरीवरून डोंगरातल्या पोरांना आश्रमशाळेत चिडवलं जायचं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नागली शहरात बिस्किटांच्या देखण्या पुड्यांत बसली. २०२५-२६ च्या खरिपाला केंद्राने तिचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरवला, साध्या भाताच्या दुपटीहून जास्त. वाडीत मात्र नागलीचं क्षेत्र घटतंय. उतारावरची नागली म्हणजे पुन्हा आवणी, निंदणी, कापणी, झोडणी, सगळं हाताने. भाव वाढला तेव्हा हात खाली गेलेले होते.

मग येतात काजवे. मे अखेरीपासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत भंडारदऱ्याच्या आसपास सादडा, बेहडा, हिरडा, जांभळाची झाडं रात्री लखलखतात. सगळं झाड एका तालात विझतं आणि पेटतं. ते पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. तंबू उभे राहतात, घरगुती जेवणाच्या पाट्या लागतात. वाडीतल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतं, बायकांच्या पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक मिळतं. हा पैसा खरा आहे आणि त्याला नाकं मुरडायचा अधिकार पगारी माणसाला नाही. पण काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण म्हणून. गाडीचा हेडलाइट थेट झाडावर मारला की ती खूणच पुसली जाते. हे वाडीतली पोरं पाहुण्यांना सांगतात. काही पाहुणे दिवे बंद करतात. बाकीचे व्हिडिओ काढतात.

एका बाबतीत ही वाडी नशीबवान. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे लोणावळ्याकडे झालं तसं डोंगर विकून मोकळं होणं इथे सोपं नाही. करारावर, भाड्याने, कोणाच्या तरी नावाने चालणाऱ्या वाटा शोधल्या जातात, पण सातबारा अजून घरातच आहे. या भागाला जमिनीच्या कागदाचा अर्थ जरा लवकरच कळला होता. सावकारांनी जमिनी गिळायला सुरुवात केली तेव्हा याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे बंड करून उठले आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

शाळा चौथीपर्यंत. नंतर आश्रमशाळा, म्हणजे दहा-अकराव्या वर्षी घर सुटतं. परत येताना मूल शिकलेलं असतं आणि त्याला नांगर धरता येत नाही. यात मुलाचा दोष नाही. मुलींचं गणित वेगळं. शिकलेली मुलगी लग्नाला उभी राहिली की तिची आई मुलाकडच्यांना जमीन किती हे विचारत नाही, पाणी घरापासून किती लांब हे विचारते. वाडीत तिशी ओलांडलेले अविवाहित तरुण हाताच्या बोटांवर मावत नाहीत.

तेव्हा वाडीचं पुढे काय? दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, डोंगरातली शेती संपली. दोन, पर्यटन तारेल. दोन्ही उत्तरं पावसाळ्यात चार दिवस राहून गेलेल्या माणसांची. वाडीचं वर्ष पावसाळ्याने नाही, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांनी ठरतं. त्या महिन्यांत पाणी राहिलं तर माणूस राहतो, वाल-हरभऱ्याचं दुसरं पीक राहतं, गाय राहते, पोराची शाळा मध्येच सुटत नाही. बाकीच्या योजना त्यानंतरच्या.

हे स्वप्नरंजन नव्हे, तशी कामं या डोंगररांगेत झालेली आहेत. पुरुषवाडीत आधी पाणलोटाचं काम झालं, चर आणि बांध झाले आणि मग तिथे पर्यटन आलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दक्षिणेला आंबेगावच्या डोंगरात पडकईची जुनी रीत होती: काम नसलेल्या महिन्यांत गटाने उतार फोडायचा, दगडाची ताल रचायची, त्यामागे माती भरून खाचर तयार करायचं. माती थांबते तिथे पाणीही थांबतं. शाश्वत संस्थेने या पडकईला रोजगार हमीची जोड मिळवून दिली. म्हणजे जी मजुरी घ्यायला माणूस नारायणगावला जायचा, ती त्याला स्वतःचंच शेत घडवताना मिळाली. २०१२ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

वाडीतही कड्याखाली एक झरा आहे, म्हातारीच्या झिऱ्याच्या बराच वर. एप्रिलअखेरपर्यंत तो धरतो. गुराख्यांना तो पूर्वीपासून ठाऊक, पण एवढ्या वरून डोक्यावर हंडा आणणार कोण? आयटीआय करून, चार वर्षं नाशिकला राहून परतलेल्या एका तरुणाने गेल्या दिवाळीनंतर तिथे बादली आणि घड्याळ नेलं. बादली किती मिनिटांत भरते, हे दर आठवड्याला वहीत लिहिलं. पाणी उताराने आपोआप वाडीपर्यंत येईल, मोटर लागणार नाही, हे त्याने पाइपात पाणी भरून, पातळी लावून स्वतः ताडून पाहिलं. हा भाग अभयारण्यात, म्हणून वनखात्याची परवानगी लागते. तो ग्रामसभेचा ठराव घेऊन राजूरला खेपा घालतोय. घरटी वर्गणी ठरली आहे. नारायणगावला गेलेल्यांनी आपली वर्गणी तिथून पाठवली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुक्कामी गाडी नेहमीपेक्षा उशिरा आली. आत उभं राहायला जागा नव्हती. तवे, वळकट्या, पोरं उतरली, आणि सगळ्यात शेवटी मागच्या सीटखालून काळ्या प्लास्टिकच्या पाइपाची दोन भेंडोळी ओढून काढली. कंडक्टरने दोन्हींचं लगेज फाडलं होतं.